पहाटे साडेतीनची कंबर

कूस बदलायची असेल तर आधी पूर्ण जागं व्हायचं, डाव्या हाताने पलंगाची कड धरायची, गुडघे एकत्र जुळवायचे आणि मग कंबर-पाय सगळं एकदमच वळवायचं, ही माझी जवळजवळ आठ वर्षांची पद्धत होती आणि मला खरंच वाटायचं की सगळ्यांचंच थोडंफार असं असतं.

पहाटे साडेतीन-चारला दुखण्याने जाग यायची. पडून राहिलं की अजून वाढायचं. उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या की उतरायचं, मग परत झोप. सहाला उठले की पहिला तासभर मी लाकडासारखी. खालच्या ट्रॉलीतून वाकून कुकर काढता यायचा नाही म्हणून मी तो रात्रीच ओट्यावर काढून ठेवायचे. आणि साडेसातला डबे भरून होईपर्यंत कंबर बऱ्यापैकी मोकळी झालेली असायची! पतसंस्थेत काउंटरला सलग दोन तास बसले की उठताना पुन्हा आखडलेली. रविवारी दुपारभर आराम केला तर सोमवार जास्तच वाईट जायचा.

हे सगळं मी आज असं ओळीने लिहू शकते कारण शेवटी एका डॉक्टरांनी ते तसं विचारलं. तोपर्यंत कुठे दुखतंय हे सगळेच विचारायचे, किती वाजता दुखतंय आणि काय केल्यावर कमी होतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. म्हणून सुजेच्या कंबरदुखीवर, म्हणजे संधिवाताच्याच एका प्रकारावर, ही पोस्ट लिहितेय, जरा लांब होईल, पण वाचा.

सुरुवात २०१५ ची, तेव्हा मी २५ वर्षांची. पडले नाही, काही उचललं नाही, हळूहळू सुरू झालं. कधी उजवीकडे तर पंधरा दिवसांनी डावीकडे. आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. मला कंबर दुखतच नव्हती, दुखत होता कुल्ला. बसायच्या जागेत, आत खोल. पण आपण बायका डॉक्टरसमोर तो शब्द तोंडातून काढत नाही, हात मागे नेतो आणि "कंबर दुखते" म्हणतो, आणि मग डॉक्टर कंबरच तपासणार ना. माझं तेच झालं. सायटिका असेल म्हणाले, पट्टा दिला, गादीखाली फळी टाकून झोपायला सांगितलं. २०१७ मध्ये कंबरेच्या मणक्याचा एमआरआय झाला, त्यात एल-४ एल-५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसली, झालं, सगळ्यांना उत्तर मिळालं. नंतर कळलं की काहीही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी अशी थोडीफार सरकलेली गादी खूप जणांमध्ये सापडते. आणि सायटिकाची कळ सहसा गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जाते, मुंग्या येतात. माझं दुखणं मांडीच्या मागे यायचं आणि तिथेच थांबायचं.

२०२० मध्ये मुलगी झाली, सिझेरियन. त्यानंतर तर विषयच संपला. कंबर दुखते? कण्यात इंजेक्शन दिलं होतं ना, त्याचं आहे. सासूबाईंनी मनापासून शेक-शेगडी केली, डिंकाचे लाडू केले, आई येऊन तेल लावून गेली. सगळ्यांनी मायेनेच केलं, त्यात कुणाचीच चूक नाही. पण दुखणं इंजेक्शनच्या पाच वर्षं आधीचं आहे हे मी स्वतःच विसरून गेले होते.

मग डोळा. २०२१ मध्ये उजवा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सहन होईना. डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणले, बरेच दिवस रेंगाळून कसाबसा बरा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये डावा डोळा, अगदी तस्सं. या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीनवर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हे डोळे आलेले नाहीत, डोळे येतात तेव्हा चिकट पाणी येतं, पापण्या चिकटतात, खाज असते, तुमचं तसं काहीच नाही, ही डोळ्याच्या आतली सूज आहे, युव्हायटिस. औषध लिहीत होत्या, लिहिता लिहिताच मान वर न करता विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो तुमची?"

मला एकदम रडूच आलं. कारण डोळ्याच्या दवाखान्यात कुणी कंबरेचं विचारेल असं वाटलंच नव्हतं.

त्यांनी चिठ्ठी दिली, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा म्हणून. म्हणजे संधिवाततज्ज्ञ. आमच्याकडे संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचा गुडघा असंच सगळ्यांना वाटतं, त्यामुळे घरी पटवायला जरा वेळ लागला, नवरा म्हणाला आधी हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवू. पण गेलो शेवटी.

तिथे पहिली वीस मिनिटं तपासणी नाहीच, नुसते प्रश्न. चाळिशीच्या आधी सुरू झालं का? हळूहळू आलं का? हालचाल केल्यावर बरं वाटतं का? आराम केल्यावर बरं वाटतं का? (नाही.) रात्री दुखून जाग येते का आणि उठून फिरल्यावर कमी होतं का? या पाचांपैकी चार जुळले तर ती सुजेची कंबरदुखी असू शकते, नेहमीची ताणाची नाही, आणि माझे पाचही जुळले. ताणाची कंबर कामाने वाढते आणि पडल्यावर उतरते, सुजेचं नेमकं उलटं. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो हेही विचारलं, पाच-दहा मिनिटं असेल तर वेगळं, अर्धा तासाच्या वर असेल तर दखल घ्यायची. पुढे, टाच दुखते का, विशेषतः मागे जिथे जाड शीर जोडलेली असते तिथे, एखादं बोट सुजून सॉसेजसारखं होतं का, सोरायसिस आहे का, वारंवार रक्त-आव पडते का, घरात कुणाला असं आहे का. आणि एक विचारलं ज्याचं मला आश्चर्य वाटलं, दुखण्याची गोळी घेतल्यावर किती फरक पडतो? मी म्हणलं, सर, चार दिवस घेतली तर मी नवीन होते, बंद केली की आठवड्यात परत तेच. ते म्हणाले ही पण खूणच आहे. (म्हणून कुणी स्वतःहून रोज गोळ्या खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीचा प्रश्न असतो.)

मग तपासणी. पाठीला खाली, परकराच्या नाडीच्या जरा खाली, दोन बाजूंना दोन खळ्या असतात बघा, बऱ्याच जणांच्या दिसतात. साधारण त्याच भागात आत हा सांधा असतो, सॅक्रोइलियाक जॉइंट, डॉक्टर लोक नुसतं एसआय म्हणतात. माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड आणि दोन्हीकडची खुब्याची रुंद हाडं जिथे जुळतात तो. वरच्या धडाचा सगळा भार पायांकडे जातो तो याच सांध्यातून, आणि हा हलतो मात्र अगदी नावापुरता, म्हणून त्याला सूज आली तरी गुडघ्यासारखी बाहेर दिसत नाही, हाताला लागत नाही. त्यांनी पेनने त्या खळ्यांच्या रेषेत पाठीवर एक खूण केली, टेपने मोजून बरोबर १० सेंटीमीटर वर दुसरी, आणि वाका म्हणाले, गुडघे न वाकवता. दोन खुणांमधलं अंतर वाकल्यावर १५ च्या आसपास जायला पाहिजे, माझं १३ वर थांबलं. नंतर उताणं झोपवून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायला लावला, इंग्रजी चारच्या आकड्यासारखा पाय झाला की गुडघा हळूच खाली दाबला. कळ जांघेत आली तर खुब्याचा सांधा, मागे आली तर एसआय. मागे आली, आणि चांगलीच. अजून दोन-तीन प्रकारे दाबून पाहिलं, मांडी सरळ वर धरून खाली रेटली, कुशीवर झोपवून खुब्यावर दाब दिला. यातली एकटी चाचणी काही सिद्ध करत नाही, तीन किंवा जास्त वेळा तीच ओळखीची कळ उठली तर वजन येतं, असं ते म्हणाले.

रक्ताचं सांगते कारण इथेच लोक फसतात. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज बघायच्या टेस्ट, माझा ईएसआर जरासा वाढलेला, सीआरपी नॉर्मल. सीआरपी नॉर्मल म्हणजे सूज नाही असं इथे अजिबात नसतं, या आजारातल्या बऱ्याच पेशंटांचे हे रिपोर्ट नॉर्मलच येतात. आरए फॅक्टर, म्हणजे नेहमीच्या संधिवातासाठी करतात ती टेस्ट, सहसा निगेटिव्ह असतो, त्यामुळे "संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह आली" म्हणून निश्चिंत होऊन घरी बसू नका. एचएलए बी २७ माझं पॉझिटिव्ह आलं. याचा आणि या आजाराचा संबंध १९७३ पासून माहीत आहे, पण तो रक्तातला एक आनुवंशिक मार्कर आहे, आजार नव्हे. बी २७ असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीच होत नाही आणि तो नसतानाही हा आजार होऊ शकतो. माझ्या एका मैत्रिणीने नुसता हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून महिनाभर झोप घालवली होती, कंबर दुखत नव्हती काही नाही. तसं करू नका.

एक्स-रे आधी काढला. त्याला ० ते ४ अशा पायऱ्या आहेत, शून्य म्हणजे साफ, चार म्हणजे सांधा पूर्ण जुळून एकच हाड झालेला. १९८४ पासून वापरात असलेल्या निकषात दोन्हीकडे किमान २ किंवा एका बाजूला ३-४ असेल तरच एक्स-रेवरून पक्कं म्हणतात. माझ्या रिपोर्टात उजवीकडे १, म्हणजे नुसता संशय. पण एक्स-रेवर दिसतात ते सुजेने हाडावर सोडलेले व्रण, आणि ते उमटायला वर्षं जातात, काही जणांच्यात कधी उमटतही नाहीत.

मग एमआरआय. मी म्हणलं, एमआरआय झालाय की, २०१७ ची फिल्म आणलीये. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि मला बोट ठेवून दाखवलं, फोटो मणक्याच्या मधोमध, आणि दोन्ही बाजूंचे हे सांधे त्यात आलेलेच नाहीत. सात वर्षं मी ती फाईल दवाखान्यादवाखान्यात नेत होते आणि जिथे दुखत होतं त्या जागेचा फोटोच त्यात नव्हता. या वेळी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, दोन्ही एसआय जॉइंट, एसटीआयआर आणि टी-वन (हे एमआरआयचे फोटो काढायचे दोन प्रकार), कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते इंजेक्शन) नको. एसटीआयआर मध्ये चरबीचा उजळपणा दाबून टाकतात त्यामुळे हाडाच्या आत सुजेचं पाणी असेल तर ते पांढरं चमकतं. माझ्यात उजव्या सांध्याच्या दोन्ही अंगांना असा पांढरा पट्टा होता, डावीकडे थोडा, आणि टी-वन मध्ये कडेला बारीक कुरतडल्यासारखं. फिल्म बघताना मला भीती वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. मला होतंय ते खरंच होतंय, हे पहिल्यांदा दिसलं.

मुलगी किती वर्षांची आहे हेही त्यांनी नीट विचारून घेतलं होतं, कारण बाळंतपणानंतर काही महिने या सांध्यात अशी सूज निरोगी बाईतही दिसते, खूप पळणाऱ्या खेळाडूंमध्ये पण दिसते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, त्यामुळे ते कारण बाजूला पडलं. म्हणजे नुसत्या एमआरआयवर पण जाऊन चालत नाही, आधीची सगळी कहाणी, तपासणी, रक्त, फोटो, सगळं एकत्र ठेवून नाव द्यायचं असतं. माझ्या आजाराचं नाव ॲक्सियल स्पाँडिलोआर्थ्रायटिस, म्हणजे एसआय सांधे आणि मणक्याचा सुजेचा संधिवात, त्यातला एक्स-रेवर न दिसणारा प्रकार. पूर्वी हा पुरुषांचाच आजार समजायचे, बायकांचं निदान त्यामुळे अजून उशिरा होतं. मला साडेआठ वर्षं लागली. जगभरातच सरासरी सहा-सात वर्षं जातात म्हणे, ऐकून बरं वाटायच्या ऐवजी रागच आला मला.

अजून एक, आणि हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. दुखणं एकाच बाजूला असेल, सोबत ताप, वजन कमी होणं, रात्री घाम असं असेल तर आधी टीबीचा विचार करावा लागतो, याच सांध्यात टीबी बसतो. मला विचारलं होतं घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पिता का, कारण ब्रुसेला नावाचा जंतू गुरांकडून येतो आणि तो पण इथेच सूज करतो. जोराचा ताप आणि पाय टेकवता येईना असं दुखलं तर पू झालेला असू शकतो, तिथे वाट बघायची नाही, ॲडमिट व्हायचं. तसंच लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद गेली तर हा विषय पूर्ण वेगळा, त्याच दिवशी हॉस्पिटल.

उपचाराचं फार लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. मला रोजचा व्यायाम आणि सुजेच्या गोळ्यांवर बरंच बरं आहे, पुढे लागली तर बायोलॉजिकची, म्हणजे सूज मुळातून अडवणारी, इंजेक्शनं आहेत, त्याच्या आधी लपलेल्या टीबीची तपासणी करून घेतात एवढं माहीत असू द्या. कुकर आता ट्रॉलीतच असतो.

माझा सख्खा धाकटा भाऊ पुण्यात असतो, २७ चा आहे. मागच्या महिन्यात सहज बोलता बोलता म्हणाला, ताई, टाच दुखतीये गं सकाळी, आणि बसून बसून कंबर पण धरतीये, ऑफिसची खुर्चीच बेकार आहे. मी विचारलं, रात्री जाग येते का? थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, हो, चारच्या सुमारास, तुला कसं कळलं? एक्स-रे साफ आला त्याचा. मी ऐकलं नाही, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवला. गुरुवारी एमआरआय आहे, आणि चिठ्ठीचा फोटो मागवून घेतला मी त्याच्याकडून, मणका लिहिलंय की दोन्ही एसआय जॉइंट ते बघायला. दोन्ही एसआय जॉइंट लिहिलंय.