ओनामा हा शब्द आला कोठून?

कशाचीही सुरुवात झाली की आपण तिला ‘ओनामा’ म्हणतो; वर्तमानपत्रांत तर पुलापासून पतसंस्थेपर्यंत कशाचाही ओनामा होतो. मूळ शब्द मात्र एवढा ऐसपैस नव्हता. जुन्या शाळेत मुलाला धूळपाटीवर बसवल्यावर वर्णमालेआधी ‘ॐ नमः सिद्धम्’ हे वाक्य गिरवायला लावत आणि तेथेच त्याचा अक्षरविद्येत प्रवेश होई. घोकणाऱ्या तोंडांत त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे शेपूट गळून ‘ओनामा’ उरला. हिंदी मुलखात तर ‘ओनामासीधम, बाप पढ़े ना हम’ अशी त्याची टवाळीही रूढ आहे.

या वाक्याचे व्याकरण विचित्र आहे. ‘नमः’ या शब्दाच्या योगे चतुर्थी विभक्ती येते, म्हणून आपण ‘श्रीगणेशाय नमः’ म्हणतो. येथे सिद्धांना वंदन अभिप्रेत असते, तर जैन परंपरेत म्हणतात तसे ‘सिद्धेभ्यः’ हवे होते. त्यामुळे ‘ॐ नमः’ आणि ‘सिद्धम्’ ही दोन निराळी मंगलवचने असून ती गिरवता गिरवता एकमेकांना चिकटली, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. त्याला आधार शोधायला फार दूर जावे लागत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आणि त्याच डोंगरावरील सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख, असे एकमेकांशी वैर असलेल्या दोन घराण्यांचे लेख ‘सिद्धं’ याच शब्दाने सुरू होतात. कार्य सिद्धीस जावो, एवढाच त्याचा आशय. राजाचे दानपत्र असो की पोराची पाटी, आरंभी तो लिहायचाच.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो, की मुले सहाव्या वर्षी ‘सिद्ध’ नावाचा पहिला पाठ हाती घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. म्हणजे मंगलवचनाचे नाव तोवर वर्णमालेलाच पडले होते. पुढे ते एका लिपीचेही झाले: कूकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनहून जपानला परतला तेव्हा सिद्धम् लिपीतील ग्रंथ त्याच्याबरोबर होते, आणि जपानी मुले आजही ‘आ, इ, उ, ए, ओ’ नंतर ‘का’ म्हणतात ती मांडणी याच अभ्यासातून घडलेली आहे.