तिबेटच्या कडेवरचे पट्टे

मागच्या हिवाळ्यात हिमालयावरच्या जेट स्ट्रीमसाठी (खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यासाठी) डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलचा ९ किलोमीटर ग्रिडचा रन घेतला आणि २०० हेक्टोपास्कल दाबावरचा, म्हणजे साधारण १२ किलोमीटर उंचीवरचा, हवेचा उभा वेग प्लॉट केला, तर तिबेटच्या दक्षिण कडेला लांबच लांब पट्टे, एक वर जाणारा एक खाली, इतके रेखीव की मला वाटलं माउंटन वेव्हज, म्हणजे डोंगरांवरून वाहताना हवेत उठणाऱ्या लाटा, सापडल्या. दोन दिवस मी त्याच आनंदात होतो.

मग सगळ्या तासांचे प्लॉट ओळीने बघितले. माउंटन वेव्ह जागेवर उभी राहते हे खरं, पण वारा पडला की तिचा जोरही पडतो, आणि वर जाताना ती वाऱ्याच्या उलट दिशेला कलते. इथे वारा कसाही असो, नक्षी तीच, आणि पट्टे सरळ उभे. प्लॉटखाली टेरेन, म्हणजे जमिनीचा चढउतार, टाकलं तर पट्टे दऱ्याडोंगरांवर तंतोतंत बसले. म्हणजे ते हवेतले नव्हते, मॉडेलच्या चुकीतून आलेले होते.

मॉडेलचे लेव्हल, म्हणजे हवेचे ज्या थरांवर हिशोब होतात ते, जमिनीच्या आकाराप्रमाणे वाकलेले असतात आणि जुन्या पद्धतीत हा बाक वर जाताना फार हळू कमी होतो. कागदावर हिशोब केला. मॉडेलचा माथा ५० हेक्टोपास्कल धरला, तर सपाट मैदानावर २०० ला असलेला लेव्हल तिबेटवर, जिथे जमिनीवरच दाब साधारण ५५० असतो, १३० च्या आसपास जाऊन बसतो, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त वर! अशा तिरक्या लेव्हलवर आडवं दाबाचं बल काढायचं म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. १० किलोमीटरमध्ये १ किलोमीटर चढ असेल तर प्रत्येक आकडा साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि खरं बल त्याच्या फक्त काही हजारांश, त्यामुळे एका आकड्यात १ टक्का चूक झाली तरी ती खऱ्या बलाच्या दुप्पट-तिप्पट होते. शिवाय आडवी वाहणारी हवा मॉडेलला सतत लेव्हल ओलांडताना दिसते, तिथली चूक वेगळीच.

आमच्याकडे वर्षानुवर्षं हातोहात फिरत आलेली नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंग्जची फाइल) होती, तिच्यात हायब्रिडचा, म्हणजे लेव्हल वर जाताना लवकर सपाट करण्याचा, ऑप्शन ०, म्हणजे बंद होता. २०१८ च्या व्हर्जन ४ पासून तो डिफॉल्टच २ आहे, त्यात साधारण २४० हेक्टोपास्कलच्या वर लेव्हल पूर्ण सपाट होतात. तेवढं एक बदलून परत रन केला आणि बहुतेक पट्टे गेले. विमानांसाठी टर्ब्युलन्सचा इंडेक्स याच वाऱ्यांवरून काढतात, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं, जिथे हवा शांत आहे तिथे आपण धोका दाखवत असतो.

नेपाळच्या बाजूला दोन पट्टे अजून आहेत. ते वाऱ्याबरोबर कमीजास्त होतात आणि वर जाताना पश्चिमेला कलतात. आता त्यांच्यावरच काम चालू आहे.