११ सप्टेंबर, वन शहीद दिन
आज कामासाठी बेळगावकडच्या जांबोटीला गेलतो, येताना पावसात टपरीवर थांबलो तर शेजारी एक फॉरेस्ट वॉचर काका, रेनकोट निथळतोय, बुटावर दोन जळवा, आणि कन्नडात फोनवर साहेबांना रिपोर्ट देऊन लगेच मराठीत "एक चहा दे गा". मी म्हटलं काका आज तुमचा दिवस, १७३० ला राजस्थानातल्या खेजडलीत बिश्नोई समाजाची ३६३ माणसं झाडं वाचवताना मेली त्या तारखेचा. ते नुसते हसले.
मग मी मानसच्या जंगलाचं सांगितलं. आसामात बोडो लोकांचं वेगळ्या राज्यासाठीचं आंदोलन पेटलं तेव्हा जंगलातल्या चौक्या जाळल्या, गार्ड मारले, हत्यारवाले आत घुसले आणि एकूण एक गेंडा संपला. १९९२ ला युनेस्कोनं मानस धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत टाकलं, बाहेर निघायला २०११ उजाडलं.
काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "भांडण माणसांचं न्हवं? गार्ड कुणाच्या बाजूचा?"
मला काय सुचंना. आपल्या सीमाभागात बोर्डावरच्या अक्षरांवरनं दगड पडलेले बघितलेत की आपण.
चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. काठी घेतली आणि कणकुंबीच्या बाजूला चालत गेले, पावसातच.