आवाजाच्या लांबीवरून स्फोटाचे वजन

हजारो किलोमीटर अंतरावर झालेला अणुस्फोट केवढा होता, हे केवळ हवेतून आलेल्या आवाजावरून कसे ठरवत असतील, असे विचारले तर आपण सहज म्हणू की आवाज जितका मोठा तितका स्फोट मोठा. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. प्रत्यक्षात या विषयात काम करणारे लोक आवाजाच्या मोठेपणावर बेताचाच विश्वास ठेवतात आणि त्याची लांबी, म्हणजे लहरीचा दोलनकाळ (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ), मोजतात.

स्फोटाजवळ कानठळ्या बसवणारा धक्का असतो, पण त्यातील उच्च वारंवारितेचा भाग हवा लवकर शोषून घेते. दूरवर पोहोचतो तो २० हर्ट्‌झच्या खालचा, माणसाला ऐकूच न येणारा अवश्राव्य ध्वनी. सुमारे ५० किलोमीटर उंचीवरील उष्ण थर आणि तेथील वारे त्याला पुन्हा जमिनीकडे वळवतात, आणि अशा उड्या घेत तो खंड ओलांडतो. हे वारेच आवाजाच्या मोठेपणाचा हिशेब बिघडवतात, कारण त्यांची दिशा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात उलटते, आणि त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला असलेल्या केंद्रावर जी लहर ठसठशीत उमटते, तीच विरुद्ध बाजूला तेवढ्याच अंतरावरील केंद्रावर कित्येक पटींनी क्षीण होऊन येते.

दोलनकाळ मात्र वाटेत बराचसा टिकून राहतो. स्फोट जितका मोठा, तितका त्याचा धक्का अधिक अंतरापर्यंत पसरून मगच साध्या ध्वनिलहरीत रूपांतरित होतो, आणि त्या अंतराचा ठसा लहरीच्या लांबीवर राहतो. सिद्धान्ताप्रमाणे दोलनकाळ ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढावा, म्हणजे ऊर्जा दोलनकाळाच्या तिसऱ्या घाताने वाढावी. अमेरिकी हवाई दलाने प्रत्यक्ष अणुचाचण्यांच्या नोंदींवरून जे सूत्र बसवले, त्यात लहान स्फोटांसाठी ऊर्जा दोलनकाळाच्या ३.३४ व्या घाताने वाढते, म्हणजे सिद्धान्त आणि अनुभव यांत फार अंतर नाही. कागदावर आकडेमोड करून पाहिली, तर १० सेकंदांच्या दोलनकाळाला सुमारे ११.५ किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा) आणि २० सेकंदांना सुमारे ११६ किलोटन असे उत्तर येते. दोलनकाळ दुप्पट, स्फोट दहापट! याची दुसरी बाजू अशी, की दोलनकाळ मोजताना केवळ १० टक्के चूक झाली, तरी स्फोटाच्या आकड्यात ३५ टक्क्यांहून अधिक चूक शिरते. गोंगाटातून वर आलेल्या चार-पाच वेड्यावाकड्या लहरींवरून दोलनकाळ काढायचा असल्याने १० टक्के म्हणजे काहीच नव्हे.

मला या सूत्रात सर्वांत विलक्षण वाटते ते त्याचे वय. ज्या स्फोटांवर ते उभे आहे, ते वातावरणात केलेले स्फोट होते. १९६३ च्या करारानंतर अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबवल्या, आणि वातावरणातील शेवटची चाचणी चीनने १९८० मध्ये केली. त्यामुळे हे सूत्र पुन्हा तपासायला नवा बॉम्ब मिळणार नाही, आणि तो मिळू नये हेच बरे. (भूगर्भातील चाचण्यांचा आवाज हवेत फारच क्षीण उमटतो. म्हणूनच १९९८ च्या पोखरण चाचण्यांच्या क्षमतेवर आपल्याकडे जो वाद झाला, तो भूकंपलहरींच्या नोंदींवरून झाला.)

सर्वंकष अणुचाचणी बंदी करारासाठी जगभर ६० अवश्राव्य ध्वनी केंद्रे उभारण्याचे ठरले. एकेका केंद्रात काही अंतरावर मांडलेले अनेक सूक्ष्मदाबमापक असतात, आणि लहर कोणत्या मापकावर आधी पोहोचली यावरून तिची दिशा कळते. ही केंद्रे बॉम्बसाठी बांधली गेली, पण त्यांना ऐकू आलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक होता तो अशनीचा. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या अशनीची लहर २० केंद्रांनी टिपली आणि तिने पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या. अशनीची ऊर्जा सुमारे ४०० ते ५०० किलोटन ठरवताना याच जुन्या सूत्राचाही आधार घेतला गेला. बॉम्ब एका बिंदूवर फुटतो आणि अशनी लांबच लांब रेषेत ऊर्जा सोडत जाते, तेव्हा एकाचे माप दुसऱ्याला लावणे कितपत योग्य, ही शंका मला रास्त वाटते. सुदैवाने तेथे उपग्रहांनी मोजलेला प्रकाशही जुळवून पाहता आला.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात झालेल्या स्फोटाचे स्थळ आणि वेळ ठाऊक होती, आणि गोदामात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट असल्याचे कागदोपत्री नोंदलेले होते. दूरवरच्या केंद्रांच्या नोंदी होत्या, भूकंपमापकांच्या होत्या, शिवाय लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींमधून धक्का कोठे केव्हा पोहोचला, हेही मोजता आले. एवढे सारे हाताशी असूनही वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरे साधारण अर्ध्या किलोटनापासून एक किलोटनाच्या थोडे पुढपर्यंत पसरलेली राहिली.