बेक न करता बाइट्स: माप सोडा, मूठ दाबून बघा

दुपारी चार-साडेचारला घरात जी भूक लागते ना ती फार लहरी असते, पोटभर जेवायचं नसतं, फळ पुढे केलं तर नाक मुरडलं जातं, आणि बिस्किटाचा पुडा एकदा फोडला की तो संपल्याशिवाय कुणी उठत नाही. आमच्याकडे या भुकेसाठी फ्रिजमध्ये एक काचेचा डबा ठेवलेला असतो आणि त्यात छोटे छोटे गोळे. कुणी त्यांना एनर्जी बाइट्स म्हणतं, कुणी प्रोटीन बॉल्स, आम्ही नुसतं बाइट्स म्हणतो. ओव्हन लागत नाही, गॅस लागलाच तर पाच-सात मिनिटं, आणि निम्मं काम मुलं करतात (म्हणजे निम्मं खातातही, ते धरून चाला).

नेटवर याच्या रेसिपी ढिगाने मिळतात आणि सगळ्या एकाच वाक्यावर येऊन संपतात, सगळं एकत्र करा आणि गोळे वळा. अहो पण वळले जात नाहीत ना, तिथेच तर गाडी अडते! एक तर हातात चुरा होतो नाहीतर सगळं बोटांना चिकटून बसतं, आणि मग माणूस परत जाऊन रेसिपी वाचतो की माप कुठे चुकलं. माप बहुतेक वेळा बरोबरच असतं. तुमचे ओट्स जाड असतील, पीनट बटर जास्त सुटं असेल, खजूर वाळलेला असेल, त्यामुळे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं माप तुमच्याकडे तंतोतंत चालेलच असं नाही. म्हणून मी खाली माप देते पण ते फक्त सुरुवात करायला, बाकी हाताने ठरवायचं.

तर सुरुवातीचं माप असं: १ कप रोल्ड ओट्स, अर्धा कप पीनट बटर, पाव कपापेक्षा थोडा जास्त म्हणजे एक तृतीयांश कप मध, अर्धा कप जवसाची पूड, चमचाभर व्हॅनिला इसेन्स, मूठभर चॉकलेट चिप्स आणि मीठ. मीठ विसरू नका, चिमूटभरच लागतं पण ते नसेल तर सगळं नुसतं गोडमिट्ट लागतं, दाण्याची चवच वर येत नाही. यात साधारण अठरा-वीस बाइट्स होतात, प्रत्येकी २० ते २५ ग्रॅमचे.

ओट्स कच्चे कसे खायचे असं बरेच जण विचारतात. रोल्ड ओट्स कारखान्यात आधी वाफवतात आणि मग चपटे करतात, म्हणून ते न शिजवताही चावले जातात. स्टील कट ओट्स मात्र इथे घेऊ नका, ते बारीक खड्यांसारखे दाताखाली येतात आणि कितीही वेळ ठेवा, मऊ पडत नाहीत. इन्स्टंट ओट्स चालतात, उलट ते लवकर चिकटतात त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला सोपे पडतात. मी स्वतः रोल्ड ओट्स मंद आचेवर कोरडेच भाजून घेते, छान खमंग वास सुटेपर्यंत. भाजल्यावर ते पूर्ण गार होऊ द्या, घाई करू नका, कारण चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेलाही ते टिकत नाही, मग कोमट ओट्समध्ये चिप्स टाकल्या की त्या चिप्स राहत नाहीत, सगळं मिश्रण तपकिरी होऊन जातं. चवीला वाईट लागत नाही म्हणा, पण मुलांना चॉकलेट वेगळं दिसायला हवं असतं.

ओट्सवरून आठवलं, हल्ली कुकी डो फ्लेवरचे बाइट्स म्हणून जे प्रकार फिरतात त्यात काही ठिकाणी कच्चं गव्हाचं पीठ किंवा मैदा घालायला सांगतात. ते करू नका. पीठ दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी ते कच्चं धान्य आहे, त्यात ई कोलाय, साल्मोनेला असे जंतू असू शकतात आणि आपण पुढे ते शिजवणारच नसतो. तीच चव हवी तर ओट्स मिक्सरला फिरवून त्यांची पूड घ्या नाहीतर बदामाची पूड.

पीनट बटर दोन तऱ्हेचं मिळतं. एकात फक्त शेंगदाणे आणि मीठ, त्याचं तेल बाटलीत वर येऊन तरंगतं. दुसऱ्यात तेल सुटू नये म्हणून स्टॅबिलायझर घातलेलं असतं आणि बऱ्याचदा साखरही. मला पहिलं आवडतं पण ते आधी तळापासून नीट ढवळून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या वेळेला सगळं तेल येतं आणि शेवटी तळाशी जो घट्ट गोळा उरतो त्याने काहीही चिकटत नाही. दुसरं वापरणार असाल तर मध जरा कमी घाला, गोडी आधीच आहे त्यात.

आता मुख्य गोष्ट, थांबणं. सगळं कालवलं की ते लगेच वळायला घेऊ नका. झाकण ठेवून अर्धा तास फ्रिजमध्ये. या अर्ध्या तासात ओट्स आणि जवस मधातला ओलावा ओढून घेऊन जरा फुगतात, जवसाला तर ओलं झालं की चिकट बुळबुळीतपणा सुटतो तोच इथे डिंकाचं काम करतो, आणि गारव्याने पीनट बटरही घट्ट होतं. कालवल्या कालवल्या जे सैल वाटत होतं ते अर्ध्या तासाने बरोब्बर होतं. बरेच लोक त्या पहिल्या मिनिटालाच सैल आहे म्हणून अजून ओट्स ओततात आणि मग ते कोरडं होऊन चुरा होतो.

अर्ध्या तासाने चमचाभर मिश्रण मुठीत घ्या आणि घट्ट दाबा, मग मूठ उघडून नुसतं बघा. बोटांचे ठसे त्यावर स्वच्छ उमटलेत, कडेला भेगा नाहीत आणि तळव्यावर तेलाची किंचित चकाकी राहिली, म्हणजे झालं. कडा फुटत असतील तर पीनट बटर किंवा मध एकेक चमचा वाढवा, एकदम नाही. तळव्याला चिकटून खेचल्यासारखं होत असेल तर ओट्सची पूड भुरभुरवा आणि परत पाच मिनिटं थांबा. कोको पावडर घालणार असाल तर ती ओलावा खूप पिते हे लक्षात ठेवा, दोन चमचे कोको टाकला की साधारण चमचाभर ओलं काहीतरी वाढवावं लागतंच.

पण ते ओलं म्हणजे पाणी किंवा दूध नव्हे! सुकं झालं की पाण्याचा हबका मारायचा मोह सगळ्यांना होतो. हे बाइट्स टिकतात ते त्यांच्यात मोकळं पाणी जवळपास नसतं म्हणून, मध आणि खजुरातली साखर जे थोडं पाणी आहे तेही धरून ठेवते, मग बुरशीला काही मिळत नाही. तुम्ही दूध घातलंत, केळं कुस्करून घातलंत, की हे गणित मोडलं. केळ्याचे बाइट्स मस्त लागतात, जरूर करा, फक्त ते फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

दुसरा प्रकार खजुराचा आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो, यात मधही नको आणि पीनट बटरही नको. १ कप खजूर, १ कप बदाम-काजू-अक्रोड जे असेल ते, मीठ, आणि हवा तर दोन चमचे कोको. खजूर बोटाने दाबला तर दबला पाहिजे, कडक असेल तर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग निथळून, फडक्यावर पसरून, अगदी टिपून कोरडा करा. बी काढलेला असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघायचा, एखादी बी राहतेच आणि मग मिक्सरच्या पात्याचा जो आवाज येतो तो नको वाटतो, शिवाय बीचा तुकडा कुणाच्या दाताखाली आला तर तो वेगळाच खर्च. हे तपासायचं काम मी मुलीला देते, ती एकेक खजूर फाडून दिव्याकडे धरून बघते आणि बी सापडली की ओरडते, "आई, सापडली!"

मिक्सरमध्ये आधी फक्त सुकामेवा, थांबून थांबून फिरवायचा, रव्याएवढा जाड ठेवायचा. सलग फिरवत राहिलं तर मिक्सर तापतो आणि दाण्याचं तेल सुटायला लागतं, मग गोळे तेलकट होतात. नंतर खजूर घालायचा आणि सगळं भांड्याच्या कडा सोडून एकत्र गोळा व्हायला लागलं की लगेच बंद. घरचा मिक्सर लहान असेल तर दोन वेळा करा, एकदम भरलं की खजूर पात्याखाली अडकतो आणि वरचे बदाम तसेच राहतात. याला फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नाही, लगेच वळले जातात.

वळताना तेलाचं बोट तळव्याला पुसून घ्या. पाण्याचा हातही चालतो पण मग वरून ओलसर राहतात, म्हणून मी तेलच. मुलं वळतात तेव्हा एक लिंबाएवढा आणि एक बोराएवढा होतो, आणि नंतर मोठा कुणी घ्यायचा यावरून भांडणं होतात, त्यावर उपाय म्हणजे मापाचा चमचा देऊन टाका, एक चमचा एक बाइट. वरून सुक्या खोबऱ्याचा कीस किंवा भाजलेले तीळ लावले की एकमेकांना चिकटत नाहीत. सासूबाईंना कडक काही चावत नाही, त्यांच्यासाठी मी सुकामेवा अगदी बारीक करून वेगळे वळते आणि ओळखू यावेत म्हणून त्यांनाच तीळ लावते. त्या दर वेळी विचारतात, "अगं, हे माझे ना गं?" आणि तेवढ्यात नातू त्यातला एक उचलून पसार.

लहान मुलं घरात असतील तर दोन-तीन गोष्टी मात्र गंमतीवारी नेऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, अगदी बोटभरसुद्धा नाही, मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे दाणे, बदाम घशात अडकू शकतात म्हणून सगळं बारीक वाटलेलंच, आणि अगदी छोट्यांना गोल गोळा न देता तो चपटा दाबून, तुकडे करून, आपण समोर बसून द्यायचा. शेंगदाणा, सुकामेवा, तीळ यांची ॲलर्जी कुणाला आहे का ते डबा दुसऱ्याच्या घरी नेण्याआधी विचारा. दाणे चालत नसतील तिथे सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भाजून वापरा, थोडी वेगळी पण चांगली चव येते.

आणि हो, हे हेल्दी आहेत म्हणून कितीही खा असं काही नाही हं. नाव एनर्जी बाइट्स आहे, आणि एनर्जी म्हणजेच कॅलरी, २०-२५ ग्रॅमच्या एका बाइटमध्ये शंभरच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. त्यात मधही धरतात, मध नैसर्गिक आहे म्हणून तो सुटत नाही. वरच्या मापाने एका बाइटमध्ये नुसती मधाचीच साखर साडेचार-पाच ग्रॅम येते, चॉकलेट वेगळं, म्हणजे पाच खाल्ले की झालाच कोटा. खजुरातही १०० ग्रॅममागे साठ-सत्तर ग्रॅम साखर असते, फरक इतकाच की सोबत फायबर मिळतं. आमच्याकडे माणशी दोन असा नियम आहे. पाळला जातो का, तर डबा वरच्या कप्प्यात असला की पाळला जातो.

घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात. थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवले तर तीन महिने, खायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवायचे. खोबरेल घालून केले असतील तर त्यांना प्रवासात नेऊ नका, ते २४-२५ अंशांना पातळ होतं आणि डबा उघडल्यावर एकच मोठा गोळा निघतो. प्रवासाला खजूरवाले न्या, ते कशानेही हलत नाहीत. जवसाची पूडही उरली तर फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर ती लवकर खवट होते आणि एक चमचा खवट पूड सगळे बाइट्स बिघडवते.

नवऱ्यासाठी मी खजूरवाल्यांमध्ये चमचाभर इन्स्टंट कॉफी घालते, कोको आणि कॉफी एकत्र जबरदस्त लागतं. फक्त तो डबा वेगळा, मोठ्या अक्षरात कॉफी लिहिलेला, दिसायला दोन्ही अगदी सारखे असतात आणि संध्याकाळी मुलांच्या पोटात ते गेले तर रात्री अकराला घरात पकडापकडी चालू असते.