कुळागरातील नोंद, महिना तिसरा: शिंजीर आणि वटवाघूळ

गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात (घरालगतच्या मिश्र बागेत) एकाच केळफुलावर दिवसा जांभळ्या पाठीचा शिंजीर (सूर्यपक्षी) आणि रात्री आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ येते, हे लक्षात आल्यापासून मी दोघांची नोंद शेजारीशेजारी ठेवत आहे. पहिले दोन महिने जवळजवळ वाया गेले. मित्राकडून मागून आणलेला बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे माणसाला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारे यंत्र) घेऊन मी रसबाळी जातीच्या केळीखाली बसत असे आणि त्यात कीटकभक्षी वटवाघळांची टकटक तेवढी ऐकू येई. आपली फलाहारी जात घशातून श्रवणातीत ध्वनी काढून वाट शोधत नाही, तिची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर असते, हे ठाऊक असूनही यंत्राचा मोह सुटला नाही.

आता विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद चिकटवून बसतो. गेल्या आठवड्यात साडेसातच्या सुमारास वटवाघूळ चार हातांवर आले, अंगठ्याच्या नखीने केळफुलाच्या उचललेल्या सहपत्राला (फुलांवरच्या लालसर आवरणाला) लटकले आणि क्षणात गेले. परंतु तेवढ्यात कानांची पांढरट कड आणि पंखातील बोटांची फिकट हाडे दिसल्याने ओळखीचा संशय फिटला. सकाळी त्याच सहपत्रावर नखांचे बारीक ओरखडे होते आणि शेजारी उलटा लोंबकळत शिंजीर एकेका फुलात चोच घालत होता. शिंजिराचे वजन जेमतेम ८ ग्रॅम, वटवाघळाचे ४० ग्रॅमच्या पुढेमागे. त्यामुळे पहिल्याच्या बसण्याने केळफूल हलतही नाही, दुसऱ्याच्या झेपेने मात्र झोके घेते.

रानकेळींच्या ज्या जातींचा फुलोरा लोंबता असतो त्यांचे परागीकरण प्रामुख्याने वटवाघळे करतात, तर उभ्या फुलोऱ्याच्या जातींकडे शिंजीर वळतात. म्हणून आमच्या लोंबत्या केळफुलांवरचा शिंजीर मी उरल्यासुरल्या मधुरसाचा धनी मानतो. (रसबाळीत बी धरत नसल्याने तिला दोघांचाही उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.)

घरबांधणीत तर भूमिकाच उलटतात. शिंजिराचे कोळिष्टकांनी बांधलेले झुलते घरटे मादी विणते. या वटवाघळांत मात्र नर भेरली माडाच्या फळांच्या घोसातील मधल्या लडी चावून तोडतो आणि आत घंटेसारखी पोकळी करतो, जिच्यात माद्या येऊन राहतात. परवा बांधावरच्या भेरली माडाखाली अशा तुटक्या लडी सापडल्या. घोस फार उंचावर असल्याने खालून काही दिसत नाही, तेव्हा शेजारच्या काकांकडून त्यांच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसण्याची परवानगी मिळवली आहे.