नदीत उभं राहायचं नाही

राफ्टिंगला उतरण्याआधी गाइड बराच वेळ बोलत होता, तेव्हा माझं निम्मं लक्ष हेल्मेटच्या पट्ट्याकडे होतं. हनुवटीखाली काचत होता मेला. लाइफ जॅकेट तर गाइडने स्वतः येऊन असं आवळलं की मोठा श्वास घेता येईना. वर खांद्यांचे पट्टे धरून मला उचलल्यासारखं केलं. जॅकेट सरकून कानांशी आलं, तशी त्याने बकलं आणखी ओढली. "पडलात तर तुम्हाला ह्याच पट्ट्यांना धरून आत ओढायचंय, ताई." हा उगाच घाबरवतोय, असं मला वाटलं.

पोहणं मला येतं ते तलावापुरतं. भाच्याने आग्रह केला म्हणून आले होते. "मावशी, ग्रेड तीन आहे फक्त." रॅपिड्सना, म्हणजे नदीतल्या खळाळत्या वेगवान टप्प्यांना, एक ते सहा असे ग्रेड असतात, एक म्हणजे नुसतं हलतं पाणी आणि सहा म्हणजे निष्णात माणसंही सहसा ज्याच्या वाटेला जात नाहीत ते. पण हा आकडा काही दगडावर कोरलेला नसतो, पाणी वाढलं की बदलतो. आमची नदी बर्फाची. डोंगरावर ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि ते पाणी काही तासांनी खाली येतं. गाइडने सकाळीच पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी खोचली होती. त्याचं बोलणं आणि आमचं नटणं उरकेपर्यंत ती बोटभर पाण्यात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि "चला" म्हणाला.

त्याच्या सूचनांमधलं मला काय आठवतं? पॅडलच्या टोकाची मूठ कधी सोडायची नाही, नाहीतर राफ्टला हिसका बसला की ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाय राफ्टमधल्या समोरच्या आडव्या, हवा भरलेल्या ट्यूबखाली सरकवायचा. आणि पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, पाणी गुडघाभर दिसलं तरी नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. गुडघाभर पाण्यात उभं न राहून करायचं काय, असं मी मनात म्हटलं.

पहिला तासभर मजेत गेला. ज्या लाटांना बघून माझ्या पोटात गोळा यायचा त्यांच्यावर गाइड मुद्दाम राफ्ट घालायचा, आणि जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे "बॅक पॅडल! जोरात!" म्हणून ओरडायचा. एका ठिकाणी पाण्याला नुसता गुळगुळीत उंचवटा होता, काचेसारखा. बाजूने गेल्यावर मागचं दिसलं. तिथे पाणी खाली कोसळून फेसासकट उलटं, उंचवट्याकडेच परत येत होतं. आत सापडलेली वस्तू तिथेच घोळत राहते म्हणे. पुढे काठावरून आडवं पडलेलं एक झाड लागलं. त्याच्यापासून तो सगळ्यात लांबून गेला. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस अडकतो. आवाज मात्र त्या झाडाचा काहीच नव्हता.

मी पडले ती मोठ्या रॅपिडमध्ये नाही. त्यातून आम्ही किंचाळत सुखरूप बाहेर आलो, पॅडलं हवेत उंचावून एकमेकांवर आपटली. त्यानंतर एक साधी उथळ धार होती. मांडी अवघडली म्हणून मी ट्यूबखालचा पाय काढून लांब केला. राफ्ट एका दगडाला घासली, गर्रकन फिरली आणि मी मागच्या मागे.

आधी थंडी. अशी की छातीने आपोआप हबका घेतला आणि तोंडात नदी आली. मग जॅकेटने वर आणलं, आणि तेवढ्यात डाव्या पायाला तळ लागला. गोटे. खूप बरं वाटलं हो, जमीन लागली! टाच टेकलीसुद्धा. मागून पाण्याने पाठीला रेटलं, गोटे पायाखालून घरंगळले आणि तेव्हा कुठे ते दोनदा सांगितलेलं वाक्य डोक्यात शिरलं. उताणी झाले, पाय प्रवाहाच्या दिशेला, बुटांची टोकं पाण्याबाहेर. पुढच्या प्रत्येक दगडाशी माझ्या बैठकीची ओळख झाली, पण पाय मी खाली नेले नाहीत.

"दोर!" असं ऐकू आलं आणि दोर थेट छातीवर पडला. तो हाताला गुंडाळायचा नाही, नुसता दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि दोराकडे पाठ करून उताणं राहायचं, म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. बाकी काम नदीच करते. दोराचं दुसरं टोक पक्कं असलं की माणूस झोक्यासारखा काठाकडे वळतो. एका खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी उलटं फिरून शांत होतं, तिथे गाइडने त्याच आवळलेल्या पट्ट्यांना धरून मला राफ्टमध्ये ओढलं. मी मासळीसारखी तळाशी पडले.

श्वास आल्यावर मी विचारलं, उभी राहिले असते तर? त्याने पॅडलचं पातं दोन ट्यूबच्या फटीत खुपसलं आणि वरची मूठ पुढे ढकलली. पॅडल आडवं झालं, पातं जागेवरच. पाय दोन दगडांत असा अडकतो, पाणी मागून ढकलत राहतं, आणि माणूस तोंडावर पडला की परत उठू शकत नाही. भाच्याला इथेही हिशेब सुचला, की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. त्याला मी म्हटलं, नंतर सांग रे.

आता कुणी विचारलं तर मी रॅपिडचा ग्रेड सांगत बसत नाही. गाइड प्रत्येकाचं जॅकेट हाताने तपासतो का, आणि पुढे सेफ्टी कयाक (पडलेल्यांना मदत करायला असलेली छोटी होडी) किंवा सोबत दुसरी राफ्ट असते का, एवढं बघा म्हणते. चश्मा दोरीने बांधा. चपला नकोत, आणि जीन्स तर मुळीच नको.

त्या दिवशी अजून दोन रॅपिड्स बाकी होते. मी जागेवर बसले आणि पाय ट्यूबखाली घोट्याच्याही वरपर्यंत कोंबला. मागून आवाज आला, "इतका नको, ताई. राफ्ट उलटली तर सुटला पाहिजे."